वरची माती

अग्निशमन केंद्रातले दोन्ही बंब आज बाहेर उभे,
आत साठ घडीच्या खुर्च्या, माणसं एकतीस.
भिंतीवर नकाशा. त्यावर पेन्सिलीने
पाव एकराचा चौकोन, नखाएवढा,
आणि भोवती सगळं हिरवं. सगळ्यांचं.

कोलोराडोतलं हे गाव
एका पेट्रोल पंपाला धरून बसलेलं.
प्रस्ताव असा: ऑर्विल स्टेनरूड, वय एकाहत्तर,
आणि त्याची भाची कोरीन, पाच उन्हाळे खणणार.
एक छोटं खोदयंत्र, बाकी फावडं, पहार, बोटं.
हवाय अमेझोनाइट, मोरपिशी,
आणि त्याला चिकटलेली धुरकट गारगोटी,
कंदिलाची काच काजळावी तशी.
मी वनखात्याची. त्यांनी बोलायचं, मी लिहून घ्यायचं.
इथे मी मिस डोट्री.
धोत्रे म्हणा, असं सांगणं मी तिसऱ्या वर्षी सोडलं.

आधी उठली लोरेटा क्विनलन, घोडेवाली.
आज पाव एकर, म्हणाली, आणि उद्या?
माझ्या वहीत उतरलं, भटाला दिली ओसरी.
मग खोडलं. साहेबाला काय कळणार.
शिकारी म्हणाला, एल्क याच खिंडीतून उतरतात,
यंत्र घरघरलं तर वाट बदलतील.
निवृत्त मास्तर म्हणाले, आगीनंतर
वीस वर्षांत पाइन माझ्या गुडघ्याला लागलाय.
एवढंच बोलून गुडघा दाखवून बसले.
ऑर्विल बोललाच नाही. टोपी मांडीवर, हात टोपीत.
शेवटी कोरीनने रुमाल सोडून
टेबलावर एक दगड ठेवला.
सगळे पुढे सरकले, विरोधातलेसुद्धा.
लोरेटाने चष्मा लावला.

पत्रं आली छत्तीस.
एकात नुसतं: नको.
एकात चार पानं, त्यातलं दीड पान सरकारला शिव्या.
एक पेन्सिलीने, चौथीतल्या मुलाचं:
खड्ड्यात सॅलॅमँडर पडला तर तो वर कसा येणार?
प्रत्येक हरकतीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला उत्तर,
नियमच आहे. म्हणून अट सहावी:
खड्ड्याची एक बाजू उतरती ठेवावी.

माझा आजा विहिरी फोडायचा, वाघोलीच्या अंगाला.
सुरुंग उडाला की काळ्या खडकाच्या पोटातून
निळ्या सुया निघायच्या, पांढरी पिसं.
कचरा तो. टोपलीत भरून बांधापलीकडे.
इथल्या खनिजांच्या जत्रेत तसलीच सुई
कापसावर निजलेली पाहिली मी, खाली किंमत.
मी ती दोनदा वाचली.
पाणी लागलं की नारळ मालक फोडायचा,
आणि आमच्या घागरी उन्हात थांबायच्या
कुणी वरून ओतेपर्यंत.
कुठली सुनावणी अन् कुठली पत्रं.
पण आजा पहिल्या दिवशी काळी माती वेगळी काढायचा,
गोणपाटाखाली झाकायचा. म्हणायचा,
खालचं खाली, वरचं वर.
उलटं केलंस तर गवतसुद्धा रुसतं.

अट अकरावी: वरची सहा इंच माती
वेगळी ठेवावी, झाकावी, शेवटी वरच पसरावी.
साहेबाने विचारलं, संदर्भ?
मी हस्तपुस्तिकेचं पान लिहिलं.
तेही खोटं नाही.

मंजूर झालं, अटींसकट. लोरेटाने पुन्हा हरकत घेतली,
तिचंही सगळंच चूक नव्हतं.

सप्टेंबरात तपासणीला गेले.
अ‍ॅस्पेनची पानं पिवळी व्हायला लागलेली.
खड्डा कमरेएवढा, एक बाजू उतरती.
दगड लागला? विचारलं.
अजून नाही, ऑर्विल म्हणाला,
आणि मला ताडपत्रीपाशी घेऊन गेला.
कोपरा वाऱ्याने उलटलेला, खाली मातीची रास,
राशीवर एल्कचा एक खूर, खोल, ताजा.
तो म्हणाला, हे तुमच्या अहवालात कुठे बसतं?
मी पेनचं टोपण काढलं
आणि उभी राहिले.